सोसायटीने रॅम्प नाकारला, घरमालकाने घर

प्रश्न : आम्ही इंदूरच्या सुदामा नगर भागात एका चार मजली मल्टीत राहतो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. यजमानांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला; डावी बाजू अजून साथ देत नाही, त्यामुळे ते व्हीलचेअरवरच असतात. इमारतीला लिफ्ट आहे, पण तिथपर्यंत पोहोचायला चार पायऱ्या चढाव्या लागतात. फिजिओथेरपीला न्यायचे म्हटले की चौकीदार आणि आणखी दोघे मिळून त्यांना खुर्चीसकट उचलतात. रहवासी संघाकडे रॅम्प मागितला, तर सभेत सांगण्यात आले की दर्शनी भाग विद्रूप होईल, दोन दुचाक्यांची जागा जाईल आणि आज तुमच्यासाठी केले तर उद्या प्रत्येक जण काहीतरी मागेल. ‘अशा माणसाने तळमजल्यावर घर घ्यावे’ असेही एकाने सुनावले. म्हणून तळमजल्यावर भाड्याचे घर शोधले. तिलक नगरात एक मिळाले; मालक वरच्या मजल्यावर राहतात, मराठीच आहेत, फोनवर सगळे ठरले होते. यजमानांना घेऊन घर पाहायला गेलो, तेव्हा फरशी खराब होईल, न्हाणीघरात काही झाले तर जबाबदारी कोणाची, असे म्हणून त्यांनी नकार दिला. अमेरिकेतला मुलगा म्हणतो की हा सरळसरळ गुन्हा आहे, दोघांवरही केस करा. खरेच असा कायदा आहे का? आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन नकार आहेत, आणि आपले चिरंजीव ते दोन्ही एकाच तराजूत तोलत आहेत. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे वजन फार वेगळे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : तिलक नगरच्या घरमालकांचा नाद सोडावा आणि सगळा जोर स्वतःच्या मल्टीतल्या रॅम्पवर लावावा. एका ठिकाणी आपण परक्याच्या दारात उभ्या आहात. दुसऱ्या ठिकाणी आपण स्वतः मालक आहात, आणि कायद्याचा आधारही तिथेच जास्त आहे.

चिरंजीव सांगतात तो कायदा खरा आहे, पण तो तिकडचा आहे. अमेरिकेत 1968 साली फेअर हाउसिंग ॲक्ट झाला. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, धर्म यांसारख्या कारणांवरून भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आणि 1988 च्या दुरुस्तीने त्या यादीत अपंगत्वाची भर घातली. तिथल्या घरमालकाला अपंग भाडेकरूसाठी आपल्या नियमांत वाजवी सवलत द्यावी लागते, म्हणजे पार्किंगची जागा दाराजवळची देणे किंवा प्राणी न पाळण्याच्या नियमातून सहायक श्वानाला वगळणे. तसेच भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने न्हाणीघरात धरायचे दांडे बसवले किंवा दारात रॅम्प केला, तर सामान्यतः त्याला अडवता येत नाही. 13 मार्च 1991 नंतर प्रथम वापरात आलेल्या, चार किंवा अधिक घरे असलेल्या इमारतींच्या रचनेवरही त्या कायद्याने अटी घातल्या आहेत. मात्र याच कायद्यात एक सूट आहे, आणि ती बहुधा चिरंजीवांच्या वाचनात आली नसावी : मालक स्वतः ज्या घरात राहतो आणि ज्यात चारांपेक्षा अधिक बिऱ्हाडांची सोय नाही, अशा छोट्या घरांना भाडेकरू निवडण्याच्या बाबतीत त्या केंद्रीय कायद्याने बरीच मोकळीक दिलेली आहे. वर मालक आणि खाली भाडेकरू असे आपले तिलक नगरचे घर तिकडे असते, तरी निदान त्या कायद्याखाली खटला सोपा गेला नसता.

आपल्याकडे घरभाड्यातील भेदभावासाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदाच नाही. राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदातील मनाई प्रामुख्याने राज्यसंस्थेला उद्देशून आहे आणि त्यात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणे आहेत. अपंगत्वाचा उल्लेख नाही. खासगी व्यक्तींनी आणि संस्थांनी कोणाला जवळ करावे यात न्यायालये किती जपून पाऊल टाकतात, हे अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात दिसले. सभासदत्व पारशी समाजापुरते ठेवणारी त्या संस्थेची उपविधी सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली वैध ठरवली. तो वाद समाजाच्या आधारावरच्या सभासदत्वाचा होता, अपंगत्वाचा नव्हता, आणि आज ज्या कायद्याचा आपल्याला उपयोग आहे तो तेव्हा झालाही नव्हता. तरीही खासगी घरमालकाला ‘यांनाच घर द्या’ असा आदेश मिळवणे किती अवघड आहे, याचा अंदाज त्यावरून यावा.

तो उपयोगाचा कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. याच्या कलम 3 मध्ये असे म्हटले आहे की अपंगत्वाच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करता येणार नाही. अपवाद फक्त इतकाच की ती कृती एखादे रास्त उद्दिष्ट साधण्यासाठी आवश्यक आणि प्रमाणशीर होती असे दाखवता आले पाहिजे. या कलमाचे शब्द व्यापक आहेत, आणि घरमालकालाही ते लागू पडतात असा युक्तिवाद एखादा हुशार वकील जरूर करील. परंतु तो युक्तिवाद तडीस जाईपर्यंत ते घर दुसऱ्या कोणाला तरी दिले गेलेले असेल, आणि समजा निकाल आपल्या बाजूने लागला, तरी ज्याने आजारी माणसाला पाहून तोंड फिरवले त्याच्याच खाली रोज राहायचे. मला यात आपला लाभ दिसत नाही. पुढे कधी भाड्याचे घर बघायचेच झाले, तर मालकाला पहिल्याच फोनवर व्हीलचेअरची कल्पना द्यावी. ताकाला जाऊन भांडे लपवल्याने केवळ हेलपाटा पदरात पडतो. न्हाणीघरातले दांडे आपण आपल्या खर्चाने बसवू, घर सोडताना काढून भिंत पूर्ववत करू, फरशीच्या नुकसानीची भरपाई अनामत रकमेतून वळती करून घ्यावी, हे भाडेकरारातच लिहून देण्याची तयारी दाखवली की निम्म्या शंका तिथेच संपतात.

आता मल्टीकडे वळू.

रहवासी संघाला वाटते की रॅम्प ही मेहेरबानी आहे आणि बहुमताने ती नाकारता येते. या समजाला कायद्यात दोन ठिकाणी छेद आहे. पहिले असे की 2016 च्या अधिनियमात भेदभावाची जी व्याख्या आहे, तिच्यात ‘वाजवी सोय नाकारणे’ हाही भेदभावच मानला आहे. वाजवी सोय म्हणजे अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क उपभोगता यावेत म्हणून केलेला असा आवश्यक व योग्य बदल, ज्याचा समोरच्यावर अवाजवी भार पडत नाही. दुसरे असे की याच अधिनियमात ‘खासगी आस्थापना’ या संज्ञेत कंपन्या आणि कारखान्यांबरोबर सहकारी व इतर संस्था आणि संघ यांचाही समावेश आहे. म्हणजे आपला रहवासी संघ सहकारी संस्था म्हणून नोंदलेला असो, मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, 1973 खाली असो किंवा प्रकोष्ठ (म्हणजे फ्लॅट) मालकांचा संघ असो, ‘आम्ही चार शेजारी एकत्र आलो आहोत, आम्हाला कसला कायदा’ असे म्हणण्याची सोय त्याला उरत नाही. याच्या जोडीला मध्य प्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, 2000 आहे. फ्लॅटबरोबर जिना, प्रवेशद्वार, लिफ्ट अशा सामायिक भागांत प्रत्येक मालकाचा अविभक्त हिस्सा असतो, हे त्याचे मूळ तत्त्व आहे. ज्या चार पायऱ्यांनी यजमानांना अडवले आहे, त्यांत आपलाही हिस्सा आहे, ताई. खरेदीखत काढून सामायिक क्षेत्राचा परिच्छेद एकदा नीट वाचावा.

समोरचा वकील काय म्हणेल, तेही आत्ताच ऐकून ठेवावे. या अधिनियमाच्या कलम 45 मध्ये जुन्या सार्वजनिक इमारती ठरावीक मुदतीत सुगम, म्हणजे अपंगांना वापरता येतील अशा, करण्याचे बंधन आहे, आणि अनेक जण अर्जात तेच कलम ठोकून देतात. पण सार्वजनिक इमारत म्हणजे जिथे सर्वसामान्य लोकांची ये-जा असते ती, आणि खासगी मल्टी त्यात बसत नाही हा आक्षेप पहिल्याच तारखेला येईल. वाजवी सोयीसाठी पावले उचलण्याची जबाबदारी कलम 3 ने शासनावर टाकली आहे, संघावर नव्हे, असाही मुद्दा निघेल. म्हणून कलम 45 वर भिस्त ठेवू नये. भेदभावाची व्याख्या, आस्थापनेची व्याख्या, कलम 3 मधील मनाई आणि सामायिक भागातील आपली मालकी, या चौघांना एकत्र बांधून अर्ज उभा करावा. समाजात राहण्याच्या हक्काचे कलम 5 सुद्धा जोडावे. अमुकच प्रकारच्या निवासात राहण्याची सक्ती अपंग व्यक्तीवर होऊ नये यासाठी शासनाने प्रयत्न करावा, असे त्यात म्हटले आहे. ‘अशा माणसाने तळमजल्यावर घर घ्यावे’ या शेऱ्याला याहून नेमके उत्तर मला सुचत नाही.

आतापर्यंत आपण मागणी तोंडी केली असावी, असे पत्रावरून दिसते. तोंडी मागणी सभेतच विरून जाते आणि शब्दाला शब्द वाढतो तो वेगळाच. संघाचे कामकाज हिंदीत चालत असेल तर अर्ज हिंदीतच द्यावा, म्हणजे ‘समजले नाही’ ही सबब राहत नाही. अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्या नावे अर्ज लिहून दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवावा. अर्जात आपले दुःख कमी आणि मापे जास्त असावीत. सभासदांना दया येते, ती दोन दिवसांत ओसरते. पण मापासकट आराखडा समोर आला की त्यावर हो किंवा नाही म्हणावेच लागते, आणि नाही म्हणायचे तर कारण लिहावे लागते.

मापांचे थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक रॅम्प इथेच फसतात. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण मंत्रालयाने 2021 साली सुगमतेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठी सर्वत्र मानला जाणारा उतार 1:12 आहे, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबी. आपल्या चार पायऱ्या प्रत्येकी सहा इंचांच्या धरल्या तर चढ 2 फुटांचा होतो, म्हणजे रॅम्प 24 फूट लांब हवा. सरळ एवढी जागा क्वचितच असते, म्हणून बारा-बारा फुटांचे दोन तुकडे करून मध्ये खुर्ची वळवण्यासाठी साधारण पाच फुटांची सपाट जागा ठेवतात. दोन्ही बाजूंना कठडे हवेत, पृष्ठभाग खरबरीत हवा. चकचकीत ग्रॅनाइटचा रॅम्प पावसाळ्यात पायऱ्यांहून घातक ठरतो. स्कूटर चढवण्यासाठी पायऱ्यांच्या कडेला सिमेंटची जी तीव्र पट्टी ओतलेली असते, तीच थोडी रुंद करून ‘घ्या तुमचा रॅम्प’ असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा. तशा उतारावरून खुर्ची मागच्या माणसासकट घसरते. बाजारात मिळणारा घडीचा ॲल्युमिनियमचा रॅम्प एक-दोन पायऱ्यांना ठीक आहे, चार पायऱ्यांना तो फार तीव्र होतो.

जागा खरोखरच अपुरी असेल तर पर्याय आहेत, आणि ते अर्जातच मांडावेत. दोन फुटांचा चढ उचलणारी छोटी उभी प्लॅटफॉर्म लिफ्ट पायऱ्यांच्या बाजूला थोड्या जागेत बसते. काही मल्टींमध्ये लिफ्टला पार्किंगच्या पातळीवर एक जास्तीचा थांबा देता येतो. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलावून तेवढे विचारून घ्यावे. मागच्या बाजूने लिफ्टच्या पातळीला मिळणारी एखादी बंद वाट आहे का, हेही पाहावे. एखाद्या आर्किटेक्टकडून साधा नकाशा आणि खर्चाचे अंदाजपत्रक घेतले की ‘अवाजवी भार’ हा संघाचा मुद्दा आकड्यांत तपासता येतो. दोन दुचाक्यांची जागा दुसरीकडे हलवणे हा अवाजवी भार आहे, असे गळी उतरवणे कोणालाही जड जाईल. दर्शनी भागाच्या सौंदर्याबद्दल तर बोलायलाच नको.

खर्च कोणी करायचा? खासगी मल्टीच्या बाबतीत अधिनियमाने याचे थेट उत्तर दिलेले नाही. माझा सल्ला व्यवहाराचा आहे : खर्चाचा काही भाग उचलण्याची तयारी अर्जातच, रकमेसह लिहावी. रॅम्प सामायिक मालमत्ता राहील आणि त्याची देखभाल संघाच्या मासिक शुल्कातून होईल, हेही त्यात स्पष्ट करावे. पैसे आपण दिले म्हणून हक्क लहान होत नाही, उलट नकाराचे कारण लहान होते. आणि मल्टीतले बाकीचे मालकही काही पंचविशीतले नसावेत. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले, वॉकर घेऊन चालणारे कोणी ना कोणी असणारच. त्यांच्या सह्या अर्जावर घेतल्या, तर मागणी एकट्या घराची राहत नाही.

कागदपत्रांत यजमानांचे अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) असेल तर उत्तम. नसेल तर ऑनलाइन अर्ज करून जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घ्यावी. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असल्यास इतरही लाभ आहेत. उदाहरणार्थ, कलम 37 नुसार शासनाच्या संबंधित गृहयोजनांमध्ये अशा व्यक्तींसाठी पाच टक्के आरक्षण आहे, तेव्हा विकास प्राधिकरणाच्या किंवा गृहनिर्माण मंडळाच्या जाहिराती बघत राहाव्यात. मात्र प्रमाणपत्र येईपर्यंत रॅम्पचा अर्ज अडवून ठेवू नये. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वाजवी सोयीचा हक्क केवळ चाळीस टक्क्यांच्या वरच्यांपुरता नाही, आणि ती सोय त्या त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवायची असते. तो खटला परीक्षेत लेखनिक मिळण्याबाबतचा होता, पण त्यातले तत्त्व घरालाही लागू पडते. राजीव रतुडी यांच्या प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी त्याच न्यायालयाने सुगमतेचे निकष नुसते शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि सक्तीचे नियम तीन महिन्यांत करण्यास केंद्राला सांगितले. या दोन निकालांचा उल्लेख अर्जात एका ओळीत करावा. संघाचा वकील बाकीचे स्वतः वाचील.

अर्जाला तीस दिवसांची मुदत द्यावी आणि निर्णय सर्वसाधारण सभेच्या लेखी ठरावात मागावा. उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुढची पायरी भोपाळची आहे. दिव्यांगांचे हक्क हिरावले गेल्याच्या तक्रारींची चौकशी करण्याचा अधिकार राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांना आहे. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. त्यांनी एखाद्या प्राधिकरणाला शिफारस केली तर त्यावर तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणे द्यावी लागतात. मात्र शिफारस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, याची जाणीव असू द्यावी. माझ्या अनुभवात आयुक्तांच्या कार्यालयातून नोटीस आली की बहुतेक संघांचा आवाज खाली येतो, आणि आपले काम तेवढ्यावर होण्याची बरीच शक्यता आहे. दरम्यान मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते. तिथे अर्जाची प्रत देऊन सामाजिक न्याय विभागाकडे ती पाठवण्याची विनंती करावी. 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर तिचा क्रमांक जपून ठेवावा.

तरीही हलले नाही, तर सामायिक भागाच्या वापराबाबत आपल्या हक्काची घोषणा आणि मनाई हुकूम मागणारा दावा इंदूरच्या दिवाणी न्यायालयात लावता येतो. त्यासाठी वकिलाच्या फीची चिंता आधी करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते आणि 15100 या क्रमांकावरही विचारता येते. तिथे दावा लावण्यापूर्वी समझोत्याचा प्रयत्नही होतो, जो आपल्यासारख्या शेजाऱ्यांच्या वादात मला अधिक बरा वाटतो.

चिरंजीव ‘गुन्हा’ म्हणतात, त्याबद्दल. अधिनियमाचा भंग केल्यास कलम 89 नुसार पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे. अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास कलम 92 खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सभेतला तो शेरा हीन होता, पण तो मानहानी करण्याच्या हेतूने केला होता हे सिद्ध करावे लागेल, आणि यजमान सभेत हजर नसतील तर ते आणखी अवघड. एका सभासदावर फौजदारी केली की बाकीचे सगळे त्याच्यामागे उभे राहतात आणि रॅम्प बाजूला पडतो. तो शेरा, कोण बोलले, कोणासमोर बोलले, कोणत्या तारखेला, एवढे आजच एका वहीत लिहून ठेवावे. पुन्हा तसे घडले, किंवा चौकीदाराला ‘खुर्ची उचलायची नाही’ अशी तंबी दिली गेली, तर त्या नोंदीचा उपयोग होईल.

खुर्ची उचलण्यावरून एक सूचना, जी कायद्याची नाही. चौकीदार आणि दोघे जण खुर्ची धरतात तेव्हा पायाच्या पट्ट्या किंवा काढता येणारे हात धरू नयेत, ते निखळतात. पक्की चौकट धरावी, पट्टा बांधावा आणि उतरताना यजमानांची पाठ उताराकडे न ठेवता पायऱ्यांकडे, म्हणजे वरच्या बाजूला, राहील असे बघावे. फिजिओथेरपिस्टला एकदा खाली बोलावून ही पद्धत तिघांनाही दाखवून घ्यावी.

नकाशा, अंदाजपत्रक आणि सह्या जमल्या की अर्जाचा मसुदा मला जरूर पाठवावा. संघाला देण्यापूर्वी मी तो नजरेखालून घालीन. यजमानांना माझा नमस्कार.